रात्रीच्या टपालाचा आवाज

गेल्या श्रावणातली गोष्ट. एका रविवारी दुपारी माझा पुतण्या मूलहून आला. मूल म्हणजे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव; धानाच्या शेतीचे आणि बांबूच्या जंगलाचे. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, रोवणी कशी आटोपली तेही सांगून झाले, तरी स्वारी उठेना. पिशवीचे बंद उगाच सोडायचे आणि पुन्हा बांधायचे, असा उद्योग चालला होता. शेवटी मीच विचारले, "काय रे, काही विशेष?"

"काकाजी," तो म्हणाला, "पोरीच्या डोक्यात विमान शिरलं आहे."

त्याची मुलगी यंदा बारावी झाली. गणित आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांत उत्तम गुण मिळाले. तिने इंजिनियर व्हावे, निदान शिक्षिका व्हावे, असे घरात ठरल्यासारखेच होते. पण चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर तिने एकदा एक छोटे विमान उतरताना पाहिले, आणि तेव्हापासून तिने वैमानिक होण्याचा ध्यास घेतला. चौकशी तिने स्वतःच केली होती. व्यावसायिक परवान्यासाठी वय अठरा पूर्ण हवे, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे, वैद्यकीय तपासणीत पास व्हायला हवे आणि दोनशे तासांचे उड्डाण हवे. हे सगळे तिने वहीत लिहून बापापुढे ठेवले होते. खर्चाचा आकडाही लिहिला होता. तो अर्ध्या कोटीच्या घरात जात होता!

"शेत विकलं तरी पुरायचं नाही," पुतण्या म्हणाला. "आणि पैशाचं एक वेळ राहू द्या. तिच्या आईनं तर जेवण टाकलं आहे. म्हणते, पोरगी आकाशात अन् मी खाली रात्रभर जागी, असा संसार मला नको. काकाजी, पोरगी तुमचंच ऐकते. लहानपणापासून पुस्तकं तुम्हीच दिली तिला. आता तुम्हीच समजवा."

म्हणजे एकूण आरोप असा की, हे वेड माझ्या कपाटातून गेले आणि ते मीच परत घ्यावे. आरोप अगदीच खोटा नव्हता. चंद्रपूरच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. आता ऐंशी उलटली. माझ्या कपाटात एक फळी विमानांच्या पुस्तकांची आहे. मी स्वतः आयुष्यात विमानात बसलो तो फक्त दोनदा, तेही खिडकीची जागा न मिळता. पण ती फळी मी साठ वर्षांत एकेक पुस्तक करून भरली आहे.

मी पुतण्याला म्हणालो, "मला दीड महिना दे. मी तिला काही सांगणार नाही. पुस्तके देईन. ती वाचून झाल्यावर तिने बोलावे, मग आपण बोलू."

तो खूश झाला. दीड महिन्यात पोरगी कंटाळेल, असा त्याचा हिशेब असावा. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कोणती पुस्तके द्यायची? पुस्तके असतात, तशी आमिषेही असतात. विमानाच्या पुस्तकांत तर आमिषेच फार. निळे आकाश, चकचकीत गणवेश, परदेशची शहरे! ती पुस्तके वाचून मुलगी हट्टाला पेटली असती. उलट अपघातांची वर्णने निवडून दिली असती तर ती घाबरली असती, पण तो एक प्रकारचा कपटच झाला असता. मला हवी होती ती खरी पुस्तके. आणि खरे पुस्तक कोणते, हे ओळखायला मला माझ्या वडिलांनी शिकवले होते. गंमत अशी की, त्यांनी विमानावरचे एकही पुस्तक वाचले नव्हते.

वडील टपालखात्यात होते. आमचे बिऱ्हाड तेव्हाच्या चांद्यात, किल्ल्याच्या कोटाच्या आत, एका कौलारू घरात. त्या काळात पत्रे कशी येत, हे आजच्या मुलांना सांगितले तर परीकथा वाटेल. १९४९ सालच्या जानेवारीत आपल्या देशात रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघे, आणि चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन मिळत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. मग पहाटेच्या आत चारही विमाने आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला वाटले जाई. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साधी पत्रेसुद्धा जादा आकार न घेता विमानाने नेण्यास सुरुवात झाली. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हा मान नागपूरचा. सत्तरीच्या दशकात ही सेवा बंद पडली, पण पंचवीसेक वर्षे देशाचे टपाल मध्यरात्री विदर्भात एकत्र येत होते.

आता भारताच्या नकाशावर एक पट्टी ठेवून पाहा. मद्रास आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती जवळजवळ चांद्यावरून जाते. त्यामुळे मद्रासचे विमान रात्री दोनदा आमच्या डोक्यावरून जाई. एकदा नागपूरकडे जाताना आणि पुन्हा पहाटेच्या आधी परतताना. ती विमाने डाकोटा जातीची, दोन पंखांवर दोन इंजिने असलेली. त्यांचा आवाज घुमल्यासारखा, खालच्या पट्टीतला. चांद्याच्या चहूबाजूंनी तेव्हा जंगल आणि रात्री दुसरा आवाज नसे. उन्हाळ्यात आम्ही अंगणात बाजेवर निजत असू. आवाज आला की वडील कुशीवर वळून म्हणत, "चाललं आपलं टपाल." आणि लगेच घोरू लागत. जणू सरकारी नोंद झाली, आता झोपायला हरकत नाही!

हे 'आपलं' कसले, हा प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षांनी पडला. मद्रासचे टपाल आमचे कसे? पण वडिलांच्या लेखी टपाल सगळे एकच होते. त्याच टपालाचा एक बारीकसा ओहोळ नागपूरहून रेल्वेने चांद्याला येई, तिथून मोटारीने आलापल्लीला आणि आलापल्लीहून पुढे हरकाऱ्याच्या खांद्यावरून जंगलात. आलापल्लीहून भामरागड चाळीसेक मैल. हा सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो १९८२ सालच्या ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात पर्लकोटा आणि इंद्रावती फुगल्या की भामरागडचा रस्ता बंद. मग दिल्लीहून एका रात्रीत नागपूर गाठलेले पत्र नदीच्या काठावर पाणी उतरण्याची वाट पाहत बसे. वडिलांना याचे दुःख वाटे, पण हसूही येई. ते म्हणत, "विमानवाल्यानं रात्रीचा दिवस केला, आता आपल्या माणसानंही नदी उतरायला पाहिजे." वैमानिक आणि हरकारा त्यांच्या हिशेबी एकाच खात्यातले सहकारी होते. एकाच्या हाती यंत्र, दुसऱ्याच्या हाती घुंगराची काठी, एवढाच काय तो फरक.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हाची एक रात्र मला आठवते. १९५३ सालचा डिसेंबर. थंडी कडाक्याची, म्हणून आम्ही घरात निजलो होतो. पहाटेच्या अंधारात मला जाग आली तर वडील अंगणात घोंगडी पांघरून उभे. आई दारातून विचारत होती, "काय झालं?" ते म्हणाले, "खालचं विमान गेलं नाही अजून." खालचे म्हणजे दक्षिणेकडचे. आई म्हणाली, "तुम्हाला झोप लागली असेल, ऐकू आलं नसेल." ते म्हणाले, "नाही. गेलं नाही."

ते खरेच गेले नव्हते. १२ डिसेंबरच्या त्या रात्री नागपूरहून मद्रासला निघालेले टपालाचे डाकोटा उड्डाणानंतर थोड्याच वेळात सोनेगावजवळ कोसळले आणि पेटले. विमानातले तेरा जण गेले. वैमानिक तेवढा वाचला. इंडियन एअरलाइन्स या सरकारी महामंडळाला स्थापन होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. बातमी दुपारपर्यंत तारेने चांद्याला पोचली. वडील त्या दिवशी घरी जेवायला आले नाहीत. रात्री आले तेव्हा एवढेच म्हणाले, "पत्रं जळली असतील सगळी. लिहिणाऱ्यांना कळणारही नाही की उत्तर का आलं नाही."

माणसे गेली त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. तेव्हा मला ते कठोर वाटले. पुढे कळले की, जे बोलवत नाही ते मोठी माणसे दुसऱ्याच एखाद्या गोष्टीवर बोलतात. त्यानंतर किती रात्रींनी ते मला नक्की आठवत नाही, पण फार नाही. पुन्हा तो घुमणारा आवाज चांद्यावरून गेला. वडील जागेच होते. त्यांनी नेहमीचे वाक्य उच्चारले नाही. फक्त कुशीवर वळले.

पुढे कॉलेजसाठी मी नागपूरला आलो. सीताबर्डीवर फुटपाथवर जुनी पुस्तके विकायला असत. तिथे आठ आण्यांना एक पातळसे पुस्तक मिळाले. पुठ्ठा गेलेला, नाव 'नाइट फ्लाइट'. लेखक आंत्वान द सेंतेक्झुपेरी, फ्रेंच वैमानिक. मूळ फ्रेंच पुस्तक १९३१ सालचे, आंद्रे जीद या थोर लेखकाची त्याला प्रस्तावना. मी ते धरमपेठेतल्या खोलीवर रात्री वाचायला घेतले आणि पहाटे संपवले. कारण त्यात आमच्या चांद्याचे अंगण होते!

कथा दक्षिण अमेरिकेतली. पॅटागोनिया, चिली आणि पॅराग्वे अशा तीन दिशांहून तीन टपालविमाने रात्री ब्युनॉस आयर्सला यायची, आणि त्यांचे टपाल घेऊन चौथे विमान युरोपकडे निघायचे. नागपूरच्या रात्री घडत होते, तेच. लेखक स्वतः त्या देशात टपालविमानांच्या कंपनीत अधिकारी होता, त्यामुळे ऐकीव असे काही नाही. पॅटागोनियाचा वैमानिक फाब्यां वादळात सापडतो. जमिनीवर बिनतारी यंत्राशी माणसे बसलेली. त्याचे पेट्रोल किती वेळ पुरेल, एवढेच गणित उरते, आणि मग तेही उरत नाही. त्याचे नुकतेच लग्न झालेले. बायको वाट पाहून पाहून कंपनीच्या कचेरीत येते. तिथला प्रमुख रिव्हिएर तिच्यापुढे बसतो. त्याला बोलता येत नाही. आणि ती गेल्यावर तो युरोपचे विमान ठरल्याप्रमाणे सोडतो.

तो बरोबर की चूक, हे लेखक सांगत नाही. मी साठ वर्षे त्यावर विचार करतो आहे. कधी वाटते, हा माणूस दगड आहे. कधी वाटते, त्याने ते विमान थांबवले असते तर फाब्यां उगाच मेला असे ठरले असते. आमचे वडील काही रिव्हिएर नव्हते. ते साधे टपाल कारकून. पण त्या डिसेंबरनंतर पुन्हा आवाज आला तेव्हा त्यांच्या मनात काय झाले असेल, ते या पुस्तकाने मला सांगितले.

नातीला मी पहिले पुस्तक दिले ते हेच. सोबत काही सांगितले नाही.

दुसरे पुस्तक त्याच लेखकाचे, 'विंड, सँड अँड स्टार्स'. १९३९ साली निघालेले. यात कादंबरी नाही, त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे प्रत्यक्ष अनुभव आहेत. गीयोमे नावाचा त्याचा मित्र १९३० साली अँडीज पर्वतात बर्फात उतरला आणि खाण्यावाचून पाच दिवस चालत माणसांत परतला. स्वतः लेखक १९३५च्या अखेरीस लिबियाच्या वाळवंटात कोसळला, तहानेने मरणाच्या दारी गेला आणि एका बेदुईनाने पाणी पाजून त्याला वाचवले. या पुस्तकात विमान हे नांगरासारखे एक अवजार आहे, मोठेपण माणसाचे. याच लेखकाचे 'लिटल प्रिन्स' आपल्या घरोघरी मुलांनी वाचले आहे, पण ते लिहिणारा माणूस कोण होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ३१ जुलै १९४४ रोजी युद्धातल्या टेहळणीवर तो गेला तो परतला नाही. त्याच्या विमानाचे अवशेष भूमध्य समुद्रात सापडले आणि ते त्याचेच आहेत हे नक्की झाले, तेव्हा २००४ साल उजाडले होते. हेही मी नातीपासून लपवले नाही.

तिसरे, चार्ल्स लिंडबर्गचे 'द स्पिरिट ऑफ सेंट लुइस'. १९२७च्या मे महिन्यात न्यूयॉर्क ते पॅरिस हा अटलांटिकवरचा प्रवास त्याने एकट्याने साडेतेहतीस तासांत केला, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. पण पुस्तक वाचताना मला भावला तो त्याआधीचा लिंडबर्ग. तो सेंट लुइस ते शिकागो या मार्गावर टपाल नेणारा साधा वैमानिक होता. १९२६ साली दोनदा रात्री धुक्यात आणि खराब हवेत सापडून, पेट्रोल संपल्याने त्याला हवाई छत्री घेऊन उडी मारावी लागली. खाली उतरल्यावर त्याने आधी काय केले? कोसळलेले विमान शोधून टपालाच्या थैल्या काढल्या आणि त्या पुढे पाठवण्याची तजवीज केली. ते पान वाचताना आमचे वडील हवे होते असे वाटते. पुढच्या काळातली त्याची राजकीय मते आपल्याला पटण्यासारखी नाहीत, पण पुस्तक प्रामाणिक आहे. १९५३ साली ते आले आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

चौथे मुद्दाम एका स्त्रीचे. बेरिल मार्कहॅम हिचे 'वेस्ट विथ द नाइट', १९४२ सालचे. ही इंग्लंडात जन्मलेली आणि केनियात वाढलेली. आफ्रिकेच्या जंगलावरून ती एकटी विमान नेई. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ती दूरच्या खाणीवरच्या एका आजारी माणसासाठी प्राणवायूचे नळकांडे घेऊन रात्री निघते. रस्ता नाही, दिवे नाहीत, खाली नुसता अंधार. गडचिरोलीच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडेही विमान म्हणजे परदेशवारी नव्हे. इथल्या खेड्यातल्या माणसाने पाहिलेले हवाई वाहन म्हणजे हेलिकॉप्टर. निवडणुकीत मतदानाची पथके उतरवणारे, नाहीतर जखमी माणसाला नागपूरच्या इस्पितळात पोचवणारे. मार्कहॅमबाईंनी १९३६च्या सप्टेंबरात इंग्लंडहून पश्चिमेकडे अटलांटिक एकटीने ओलांडला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर दलदलीत नाक खुपसून त्या उतरल्या. पुस्तकात एक गोष्ट मात्र खुपते. शिकाऱ्यांना हत्तींचे कळप विमानातून हेरून देण्याचे कामही त्या करीत. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्याला ती पाने गोड लागत नाहीत. पण तेही त्या झाकून ठेवत नाहीत, म्हणून मी पुस्तक झाकून ठेवले नाही.

पाचवे, अर्नेस्ट गॅन या अमेरिकन वैमानिकाचे 'फेट इज द हंटर', १९६१ सालचे. हा गडी त्याच डाकोटा जातीची विमाने चालवून शिकलेला. पुस्तक उघडताच मृत सहकाऱ्यांच्या नावांची लांबच लांब यादी लागते. मी ते दुकानात पहिल्यांदा उघडले आणि मिटले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन विकत घेतले. कौशल्य कितीही असले तरी एक भाग दैवाचा उरतोच, हे गॅनने स्वतःची फुशारकी न मारता लिहिले आहे. महायुद्धात आग्ऱ्याहून जड विमान उडवताना त्याचे विमान ताजमहालाला धडकता धडकता वाचले, तो प्रसंग वाचून आपल्या अंगावर काटा येतो.

आणि आपल्या लोकांची दोन. आर. एम. लाला यांनी लिहिलेले जे. आर. डी. टाटांचे चरित्र, 'बियाँड द लास्ट ब्ल्यू माउंटन', १९९२ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास छोट्या विमानातून पुन्हा केला. दुसरे, फेथ जॉन्स्टन या बाईंचे 'फोर माइल्स टु फ्रीडम', २०१३ सालचे. १९७१च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडलेले आपले वैमानिक दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी १९७२च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ पकडले गेले, त्याची ही हकीकत. परुळकर हे मराठी नाव, म्हणून आपल्याला जास्त अभिमान. पण पुस्तक अभिमानाने नव्हे, बारीक तपशिलाने भरलेले आहे.

अशी सात पुस्तके झाली. आठवे पुस्तक देण्याचा आग्रह माझ्या एका स्नेह्यांनी केला. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आपल्याकडे फार आवडीने सांगतात. स्नेह्यांचे म्हणणे, मुलीला आपला वारसा कळू द्या. मी नम्रपणे नाही म्हटले. तळपदे हे धडपडे गृहस्थ होते, याविषयी मला आदर आहे. पण त्या उड्डाणाचा समकालीन भक्कम पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या कथेत नेहमी दाखला देतात, त्यातली विमाने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली काढला. जिला खरोखरच उडायचे आहे, तिला न उडणाऱ्या विमानाचे पुस्तक देऊ नये. अभिमानच हवा असेल तर तो खरा आहे की! जगातले पहिले अधिकृत विमान टपाल आपल्याच देशात, १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला गेले. वैमानिक आंरी पेके हा फ्रेंच होता, पण पत्रे आपली होती.

दीड महिना गेला. गणपती उठले. एका संध्याकाळी नात आली. पाठोपाठ तिचे आईबाप. सातांपैकी पाच पुस्तके वाचून झाली होती. मी मनात तयारी केली होती की ती आता अटलांटिकविषयी बोलेल, मार्कहॅमबाईंविषयी बोलेल. तिने पिशवीतून काढले ते माझे पुठ्ठा गेलेले 'नाइट फ्लाइट'. त्याला तिने खाकी कव्हर घातले होते.

"आबाजी," ती म्हणाली, "ती बाई ऑफिसात येते, तेव्हा रिव्हिएरला काही बोलता येत नाही. मग मी आईला काय सांगू? मलाही काही बोलता येत नाही."

मी काय उत्तर देणार? साठ वर्षांत जे मला सापडले नाही, ते मी तिला कुठून देणार? मी पुतण्याकडे पाहिले, तर तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत होता. बोलली ती आमची सूनबाई. तिने इंग्रजी पुस्तक वाचले नव्हते. पण पोरीने रोज रात्री, तांदूळ निवडता निवडता, तिला सगळी गोष्ट मराठीत सांगितली होती, हे मला तेव्हा कळले.

सूनबाई म्हणाली, "मला एकच विचारायचं होतं, काकाजी. त्या बाईला त्या ऑफिसात कुणी बसायला तरी सांगितलं का?"

मी म्हणालो, "सांगितले. पण तिला तिथे परक्यासारखे वाटत होते. सगळे कामात. आपण इथे यायला नको होते, असे तिला वाटते."

"तेच," ती म्हणाली. "पोरीनं मला आधी सांगितलं असतं की बाई अशी येते, तर मी जेवण टाकलं नसतं. मला वाटलं, हिला माझं काही दिसतच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तिला दिसतं आहे. आता जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे. पण शेत विकायचं नाही."

त्यावर मग व्यवहाराच्या गोष्टी निघाल्या, आणि त्या निघाल्या म्हणजे घर शुद्धीवर आले असे समजावे. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यायची. डोळे आणि कान ठीक ठरले तरच पुढे. शिष्यवृत्ती मिळते का, कर्ज किती मिळते, ते पाहायचे. तोवर बी. एस्सी.ला नाव घालून ठेवायचे. शेताला हात लावायचा नाही, हे सूनबाईंचे. आणि भीती वाटली तर ती लपवायची नाही, हे पोरीचे. पुतण्या शेवटी एवढेच म्हणाला, "काकाजी, समजवायला सांगितलं होतं मी तुम्हाला!" पण तो हसत होता.

ती वैमानिक होईल की नाही, मला ठाऊक नाही. ऐंशीनंतर माणसाने फार पुढचे बोलू नये. पण एक गोष्ट मला पक्की कळली. वाचकांपैकी कुणाच्या घरी असे एखादे वेड शिरले असेल, म्हणून सांगतो. मुलांना पुस्तके द्या, आणि ज्यांत पडण्याचाही हिशेब लिहिलेला असेल अशीच द्या. शेवटचे पान फाडून देऊ नका. मुले आपण समजतो त्यापेक्षा ते पान नीट वाचतात, आणि कधीकधी आईलाही वाचून दाखवतात.

चंद्रपूरवरून हल्ली रात्री विमाने जातात ती फार उंचावरून. त्यांचा आवाज खाली पोचत नाही. नुसता एक दिवा सरकताना दिसतो. परवा नात मुक्कामाला होती. गच्चीवर बसलो होतो. तो दिवा दक्षिणेकडे सरकला, आणि मी सवयीने म्हणून गेलो, "चाललं आपलं टपाल."

"आबाजी," ती म्हणाली, "त्यात आता टपाल असतं का?"

"असेल थोडे," मी म्हणालो. "आणि माणसे."